सातचा भोंगा आणि स्टुडिओतला भोंगा

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव आहे. ऊस पिकवणारे, साखर कारखान्यावर कामाला जाणारे, आसपासच्या चार गावांसारखेच हे गाव. १५ ऑगस्ट २०२२ पासून तेथे रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. तो वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच बंद होतात, मोबाईल बाजूला ठेवले जातात आणि मुले दप्तर उघडतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो. मधला दीड तास गाव पडद्याविना काढते. कोणी वाचते, कोणी शेजाऱ्याकडे जाऊन बसते, कोणी नुसते ओट्यावर गप्पा मारते.

या भोंग्याची बातमी तेव्हा देशभर आणि देशाबाहेरही पोहोचली. ती बहुतेक ठिकाणी एक गमतीदार, गोड हकीकत म्हणून छापली गेली व विसरलीही गेली. प्रत्यक्षात ती गमतीची गोष्ट नव्हे. माहितीच्या अखंड माऱ्यात शांतता कशी मिळवावी, या प्रश्नाला आजवर दिल्या गेलेल्या उत्तरांत हे उत्तर मुळातच वेगळे आहे. म्हणून ते थोडे थांबून तपासावे लागते, विशेषतः गोव्यासारख्या लहान राज्यात, जेथे गाव आणि शहर यांतले अंतर अर्ध्या तासाचे आणि मोबाईलच्या बाबतीत शून्याचे आहे.

त्या भोंग्याच्या शेजारी दुसरा एक भोंगा ठेवून पाहावा. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'नंतर भारत-पाकिस्तान सीमेवर तणाव शिगेला पोहोचला, त्या रात्री अनेक वृत्तवाहिन्यांच्या स्टुडिओंमधून हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे वाजत होते. पडद्यावर लाल पट्ट्या, तळाशी धावणाऱ्या ओळी आणि पाठीमागे सायरन. एका रात्रीत शत्रूची शहरे पडल्याच्या, बंदरे उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या दिल्या गेल्या, आणि सकाळी त्यांतल्या कित्येकांचा मागमूस उरला नाही. अखेर १० मे रोजी नागरी संरक्षण महासंचालनालयाला वाहिन्यांना उद्देशून सूचना काढावी लागली की, जनजागृतीचा हेतू वगळता कार्यक्रमांत या भोंग्याचा आवाज वापरू नये. कारण उघड होते. रोज रात्री घरात वाजणारा भोंगा लोकांच्या सवयीचा झाला, तर खरा भोंगा वाजेल त्या दिवशी कोणी जागचे हलणार नाही.

ही सूचना दोनतीन वाक्यांची होती, पण माहितीयुगाच्या एका मूलभूत दोषावर तिने बोट ठेवले. गोंगाट नुसता त्रासदायक असतो असे नाही; तो इशाऱ्याची किंमत घालवतो. सगळेच 'ब्रेकिंग' असेल तर काहीच ब्रेकिंग नसते, हे वृत्तपत्राच्या कचेरीतला कोणताही जुना उपसंपादक सांगेल. अमेरिकन अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी हीच गोष्ट १९७१ साली, म्हणजे मोबाईल कोणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा, अर्थशास्त्राच्या भाषेत मांडली होती. माहिती ज्याचा उपभोग घेते ती वस्तू म्हणजे माणसाचे अवधान. म्हणून माहितीची सुबत्ता झाली की अवधानाचा दुष्काळ पडतो, असा त्यांच्या मांडणीचा आशय. पुढच्या पन्नास वर्षांत या दुष्काळावर मोठे उद्योग उभे राहिले.

ते कसे, हे समजून घेण्यासाठी फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. पुस्तकाला शेवटचे प्रकरण असते. रेडिओवरच्या बातम्यांनंतर निवेदक बातम्या संपल्याचे सांगतो. मोबाईलवरच्या पानाला मात्र तळच नाही. बोट सरकवत राहावे, खालून नवे येत राहते. पानाची ही रचना २००६ साली ॲझा रस्किन या तंत्रज्ञाने केली आणि पुढे तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. 'पुरे' असे म्हणण्याची जागा वस्तूतूनच काढून टाकल्यावर ते म्हणण्याचा सगळा भार माणसाच्या मनोनिग्रहावर येऊन पडतो, आणि दिवसभर राबून रात्री अंथरुणावर पडलेल्या माणसाचा मनोनिग्रह किती टिकावा याला मर्यादा आहेत. संगणकासमोर काम करणाऱ्यांचे निरीक्षण करणाऱ्या संशोधिका ग्लोरिया मार्क यांच्या मोजणीनुसार, २००४च्या सुमारास एका पडद्यावर लक्ष सरासरी अडीच मिनिटे टिकत असे. अलीकडच्या वर्षांत ते ४७ सेकंदांवर आले आहे.

गोव्याच्या वाचकाला याची तुलना स्वतःच्या इतिहासाशी करता येते. १९६७ साली १६ जानेवारीला गोव्यात जनमत कौल झाला. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून राहावे, यापेक्षा ज्वलंत प्रश्न या भूमीवर मुक्तीनंतर दुसरा आलेला नाही. विलीनीकरणाच्या बाजूने 'गोमन्तक' आणि विरोधात 'राष्ट्रमत', अशी दोन मराठी दैनिके समोरासमोर उभी होती. लेखण्या तलवारीसारख्या चालत होत्या, घरांत फूट पडली होती, आणि शेवटी ३४,०२१ मतांच्या फरकाने कौल विलीनीकरणाच्या विरुद्ध गेला. एवढ्या तापलेल्या वादातही आजच्या काळाला दुर्मीळ झालेली एक गोष्ट होती. सकाळी एका दैनिकात आलेल्या अग्रलेखाला उत्तर दुसऱ्या दैनिकात फार लवकर म्हणजे दुसऱ्या दिवशी येई. मधल्या चोवीस तासांत तो अग्रलेख चहाच्या दुकानात वाचला जाई, देवळाच्या मंडपात त्यावर वाद होई, एखादा वाचक रात्रभर विचार करून सकाळी मत बदलूनही बसे. लोक तेव्हा अधिक शहाणे होते, असे यातून म्हणायचे नाही. अफवा तेव्हाही होत्या, द्वेषही होता. मात्र दोन आवाजांच्या मध्ये जागा होती. मराठी पत्रकारितेचा जन्मच मुळी अशा संथ लयीत झाला. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले तेव्हा ते आधी पाक्षिक होते, मग साप्ताहिक झाले. 'केसरी'सुद्धा साप्ताहिक म्हणूनच जन्माला आला. आठवड्यातून एकदा येणाऱ्या अंकाने साम्राज्याला घाम फोडला, हे आजच्या मिनिटामिनिटाला अद्ययावत होणाऱ्या पत्रकारितेने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यात ऑनलाईन मराठी दैनिकेही आली.

ही जागा मुद्दाम निर्माण करता येते का, याचा एक दाखला अगदी जवळचा आहे आणि तो दुःखद आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षेवर गुजराण करणारे भटके लोक होते. मुले पळवल्याच्या अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून राज्याराज्यांतून फिरत होत्या व आणखीही ठिकाणी माणसे मारली गेली. सरकारने जाब विचारल्यावर त्याच महिन्यात कंपनीने भारतापुरता बदल केला: एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या अफवा उसळल्या तेव्हा, वारंवार पुढे धाडलेल्या संदेशांसाठी ही मर्यादा एकावर आणली गेली, आणि असे संदेश पुढे जाण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले.

या बदलात कोणाचे तोंड बंद केले गेले नाही, कोणता मजकूर गाळला गेला नाही. फक्त बोट आणि बटण यांच्या मध्ये किंचित अडथळा ठेवला गेला. पुढे धाडायचे असेल तर धाडा, पण एकेकाला धाडा. तेवढ्या कष्टाने असे सुमारे ७० टक्के संदेश थांबले. याचा अर्थ, जे संदेश एरवी वेगाने फिरत होते त्यांतले बहुसंख्य कोणाला मनापासून सांगायचेच नव्हते. ते केवळ सोपे होते म्हणून फिरत होते. आणि ज्या कंपनीला हे एका रात्रीत जमले, तिला ते राईनपाड्याच्या आधीही जमले असते.

आता कायद्याकडे वळावे, कारण गोव्यात शांततेचा प्रश्न निघाला की तो आधी कानाचा असतो. किनारपट्टीवरच्या रात्रीच्या संगीताचा वाद ग्रामसभांपासून उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत वर्षानुवर्षे चालू आहे. या वादात नागरिकाच्या हाती निदान एक मोजपट्टी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर करता येते. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. अंमलबजावणी कशी होते हे हणजूण-वागातोरच्या रहिवाशांना विचारावे, तो वेगळा विषय. पण तत्त्व प्रस्थापित आहे. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. बोलण्याचे स्वातंत्र्य घटनेने दिले असले, तरी ध्वनिक्षेपक लावून दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा अधिकार त्यात येत नाही. न ऐकण्याची मोकळीक हाही जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

न ऐकण्याचा हा हक्क खिशातल्या यंत्राला लागू होत नाही. त्याचा आवाज मोठा नसतो. तो नुसता थरथरतो. जाहिरातीचे फोन आणि संदेश थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंदणी करता येते, पण ती सोय दूरसंचार कंपन्यांमार्फत येणाऱ्या व्यापारी संदेशांपुरती. ॲपमधून येणाऱ्या सूचना, समूहांवरचे संदेश, वाहिन्यांची 'ताजी बातमी' हे सारे तिच्या कक्षेबाहेर. तेथे नागरिकाने एकेका ॲपच्या सेटिंगमध्ये शिरून एकेक खिडकी बंद करावी, अशी अपेक्षा आहे. ज्या आजोबांना नातवाचा फोटो उघडण्यासाठी शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते, त्यांच्याकडूनही.

म्हणूनच शांततेचे उपाय म्हणून जे काही सांगितले जाते ते बहुतेक व्यक्तीपाशी येऊन थांबते. सकाळी उठल्याबरोबर मोबाईल पाहू नका, रविवारी उपवास करा, डोंगरावर जा. यातले काही खोटे नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाणारा साधक पहिल्याच दिवशी मोबाईल जमा करतो आणि मौन पाळतो. शिबिराला शुल्क नसते, ते पूर्वीच्या साधकांच्या दानावर चालते. अनेकांना त्याचा लाभ झाला आहे. परंतु दहा दिवस सगळे सोडून जाण्यासाठी दहा दिवसांची रजा लागते, मागे घर सांभाळणारे कोणी लागते. अकराव्या दिवशी साधक खाली उतरतो तेव्हा व्हॉट्सॲपवर शेकडो संदेश थांबलेले असतात, आणि ते धाडणाऱ्यांपैकी कोणीही शिबिराला गेलेले नसते.

अडचण नेमकी येथे आहे. मोबाईल बंद ठेवणे हा निर्णय एकट्याचा, पण त्याचा अर्थ दुसरे लावतात. उत्तर दिले नाही तर रागावला असेल; समूहावर हजेरी लावली नाही तर शिष्ट झाला असेल. आणि ज्यांच्या पोटाचा प्रश्न त्या यंत्रात अडकला आहे, त्यांना तर ही चैन परवडणारीच नाही. आशा सेविकेला कामाचे आदेश समूहावर येतात, शिक्षकाला परिपत्रके रात्री येतात व माहिती सकाळपर्यंत मागितलेली असते. पणजी-मडगावच्या रस्त्यांवर जेवणाचे डबे पोहोचवणाऱ्या तरुणाचा मोबाईल गप्प झाला म्हणजे त्याची कमाई थांबली. शांतता ही सवड असलेल्यांची वस्तू होत चालली आहे, आणि सवड असलेले लोक ती नसलेल्यांना निग्रहाचे धडे देतात, हे चित्र फारसे शोभादायक नाही.

काही देशांनी यावर कायद्याने वाट काढली आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेर संपर्काची मर्यादा कर्मचाऱ्यांशी बोलून ठरवावी लागते. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ मध्ये कर्मचाऱ्याला वेळेबाहेरच्या संदेशाला उत्तर न देण्याचा हक्क दिला. भारतात असे विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडले, पण ते खासगी विधेयक होते; आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक संसदेत मंजूर होऊन कायदा झालेला नाही.

वडगावचे वेगळेपण यानंतर नीट दिसते. तेथे कोणी कोणाला निग्रह शिकवला नाही आणि कोणी कायद्याची वाटही पाहिली नाही. करोनाच्या टाळेबंदीत शाळा मोबाईलवर भरली, मुलांच्या हाती यंत्र गेले, आणि शाळा पुन्हा उघडल्या तरी ते हातातून सुटेना. शिक्षकांनी हे पाहिले, सरपंच विजय मोहिते यांनी विषय पुढे नेला. हे जमेल का, अशी शंका गावात होतीच. मग स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी महिलांची सभा बोलावली गेली आणि भोंगा घ्यायचे ठरले. त्यानंतर आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले. संध्याकाळी सात ते साडेआठ ही मराठी मालिकांची ऐन वेळ. ती सोडायला ज्यांना सर्वांत जड जाणार, त्यांच्याच सभेत निर्णय झाला, ही बाब बातम्यांत एका ओळीत येऊन गेली. सारा उपक्रम टिकला असेल तर तो बहुधा त्या ओळीमुळे.

दीड तास सर्वांचाच मोबाईल बंद असेल तर कोणाचे काही चुकत नाही. उत्तर न देणाऱ्याला शिष्ट म्हणता येत नाही, कारण विचारणाराही नाही. मुलाला 'तू अभ्यास कर' म्हणून आईबाप मालिका बघत बसत नाहीत. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला होता, त्याच्याशी तुलना केली तर फरक कळतो. बान्सीचा ठराव मुलांपुरता व दिवसभराचा, वडगावचा नियम सर्वांचा आणि दीड तासाचा. मुलांच्या हातून काढून घेतलेले यंत्र मोठ्यांच्या हातात चोवीस तास दिसत राहिले, तर मूल त्यातून एवढेच शिकते की मोठे झाल्यावर मोबाईल मिळतो.

गोव्यात अशा सामूहिक शांततेची कल्पना नवी नाही. ती दुपारच्या वामकुक्षीत आहे. आजही गावांतली, कित्येक शहरांतलीही दुकाने दुपारी एकला फळ्या लावतात आणि तीन-चारनंतर उघडतात. बाहेरून आलेला पर्यटक यावर विनोद करतो, गोमंतकीयाच्या आळसाचे दाखले देतो. प्रत्यक्षात ती शिस्त आहे, आणि ती चालते याचे कारण ती सर्वांची आहे. एकच दुकानदार झोपला असता तर गिऱ्हाईक शेजारी गेले असते. सगळा बाजार झोपतो म्हणून कोणाचेच गिऱ्हाईक जात नाही. त्या वेळी कोणाच्या घरी जाऊ नये, मोठ्याने हाक मारू नये, हे मुलांना शिकवावे लागत नसे. मोबाईलने ही वेळ पहिल्यांदा फोडली. दार ठोठावायला संकोचणारा माणूस दुपारी अडीचला संदेश धाडायला संकोचत नाही.

वडगावचा नियम जसाच्या तसा गोव्यात उचलून आणता येणार नाही, हे मान्य करावे लागेल. तेथली संध्याकाळ शेतावरून परतलेल्या गावाची आहे. येथे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतली पाळी सुटून माणूस घरी पोहोचेपर्यंत सात होतात, पर्यटन व्यवसायातल्यांचा तर खरा दिवसच संध्याकाळी उजाडतो. शिवाय भोंगा मंदिरावर बसवायचा की पंचायतीवर, हा प्रश्न मिश्र वस्तीच्या गावात पहिल्याच सभेत निघेल आणि कदाचित तेथेच सभा संपेल. परंतु भोंगा हे साधन आहे, वेळ ठरवणे हे काम. ते भोंग्यावाचूनही होते. शिक्षण खात्याने रात्री आठनंतर शिक्षकांच्या समूहांवर संदेश धाडायचे नाहीत, एवढे परिपत्रक काढले तरी काही हजार घरांतली संध्याकाळ बदलेल, आणि त्याला एक रुपयाचाही खर्च नाही. पंचायतींनी आपापल्या अधिकृत समूहांना उघडण्याची व मिटण्याची वेळ द्यावी. रेशनची किंवा पाणीकपातीची सूचना सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. निकड असेल तेव्हा वेळेबाहेरची सूचना येईल, आणि वेळेबाहेर आली म्हणूनच ती वाचली जाईल.

वृत्तमाध्यमांना यातून सुटका नाही. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स संस्थेच्या पाहणीत, बातम्या अधूनमधून किंवा वरचेवर टाळतो असे सांगणाऱ्यांचे जागतिक प्रमाण २०१७ साली २९ टक्के होते, २०२५ मध्ये ते ४० टक्के झाले. टाळण्याची कारणे लोक देतात ती अशी: मन खिन्न होते, मारा सोसत नाही, आपण काही करू शकत नाही असे वाटते. हा वाचक अडाणी किंवा बेफिकीर नाही. गोंगाटाला कंटाळून त्याने दार लावून घेतले आहे, आणि त्या दाराबाहेर खाणींचे, जमीन रूपांतराचे, म्हादईचे प्रश्नही उभे राहिले आहेत, ज्यांच्याकडे त्याने पाहणे गोव्याला गरजेचे आहे. दिवसातून वीस वेळा मोबाईल थरथरवणाऱ्या बातमीदारीने हा वाचक परत येणार नाही. दोन वेळा, ठरलेल्या वेळी, तपासून दिलेल्या बातमीने येईल की नाही, हे एखाद्या मराठी दैनिकाने सहा महिने करून पाहिल्याशिवाय कळणार नाही. सूचना पाठवण्याचे बटण संपादकाच्याच टेबलावर असते.